दर्शनी भिंतीवर एक खोकं

४ मे

धाकट्या,

एकच आई असलेल्या आणि तिच्यावरून बोलणं टाकलेल्या भावंडांनो! सभा अशीच सुरू करायची सवय आहे मला. आज सभेला दोघंच आहेत, त्यातला एक गैरहजर, आणि जो हजर आहे तोच वक्ता. तरी सुरू करते. कारण आपल्या दोघांची तक्रार एकच आहे : आई आपलं ऐकत नाही. तुझं ऐकत नाही म्हणून ती तुझ्याकडे राहायला येत नाही. माझं ऐकत नाही म्हणून ती दुपारी आडवी होत नाही, वेळेवर पाणी पीत नाही, आणि एसी चालू असताना बाल्कनीचं दार उघडून खाली कोण भांडतंय ते बघत उभी राहते.

गेल्या उन्हाळ्यात साऱ्या नातेवाइकांसमोर तू मला म्हणालास, "तू आईला ओलीस धरलंयस." त्या दिवशी मी ठरवलं, तुझ्याशी फोनवर बोलायचं नाही. मी ठरवलेलं मोडत नाही. पण लिहिणार नाही, असं काही ठरवलं नव्हतं. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतेय. मेसेजच्या चार ओळींत माझा श्वास मावत नाही, तुला माहीत आहे.

त्याच भांडणात आपण एक करार केला होता. पुढचा एक उन्हाळा बघायचा. घर आईला सोसेल इतकं गार राहिलं, तर ती इथेच राहील आणि तू पुन्हा विषय काढणार नाहीस. नाही राहिलं, तर तू येऊन तिला तिकडे, तुझ्या थंड देशात घेऊन जाशील आणि मी आडवी येणार नाही. आई तेव्हा एवढंच म्हणाली होती, "तुमचं ठरलं का? मग मला चहा द्या."

तर कळवते की घर गार आहे. एसी चालू आहे. आई ठणठणीत आहे. रविवारी व्हिडिओवर तू स्वतःच पाहिलंस. तू पाठवलेली लोकरीची शाल खांद्यावर घेऊन बसली होती.

आता कामाचं. ही इमारत तू काढलीस. आर्किटेक्ट म्हणून तुझी पहिली. समोरची भिंत तू कोऱ्या पाटीसारखी ठेवलीस : पाइप नाही, वायर नाही, एसीचं खोकं नाही. मासिकांत फोटो छापून आले. बाबा ते पाकिटात घालून हिंडायचे. सोसायटी इतकी भारावली की तिने ठरावच करून टाकला : तुझ्या लेखी संमतीशिवाय दर्शनी भिंतीला कुणी खिळाही ठोकणार नाही. मग एसीची बाहेरची खोकी लावायची कुठे? मागची भिंत शेजारच्या इमारतीला चिकटलेली. गच्ची नाही, कारण तुला उतरतं छप्पर हवं होतं. (दंतवैद्यबाई अजून विचारते, "बर्फ घसरून पडावा म्हणून केलंय का हो?") म्हणून तू सगळ्यांना मधली डक्ट दिलीस, न्हाणीघरांच्या मागून तळापासून वरपर्यंत गेलेली ती अरुंद पोकळी. तेव्हा इमारतीत एसी असलेली घरं बोटावर मोजण्याइतकी होती. आज एसी नसलेलं घर दाखव.

डक्ट भरली आहे. काही खोकी दर्शनी भिंतीवर हलवावी लागतील. आमच्यासाठी म्हणत नाही, इमारतीसाठी म्हणते. दोन ओळींचं संमतिपत्र हवंय, खाली तुझी सही. पाठव.

ताई

१२ मे

धाकट्या,

तुझं उत्तर आईच्या फोनवर आलं. तिने ते मुख्याध्यापिकेच्या आवाजात वाचून दाखवलं, शाळेत चुकार मुलांच्या पालकांना चिठ्ठी वाचून दाखवायची तसं : "ताईला सांग, आईला थंडी वाजतेय आणि ही बाई भिंत फोडायला निघालीय. सही मिळणार नाही."

मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "काय लिहिलंस गं त्याला?"

"इमारतीचं काम होतं."

"इमारतीचंच ना? माझं काही नाही ना लिहिलंस?"

"तुझं काय लिहायचं? तू ठणठणीत आहेस."

"आहेच मुळी," ती म्हणाली, आणि ओला रुमाल मानेवर ठेवून शब्दकोडं सोडवायला बसली.

शालीबद्दल मी काही बोलणार नाही. तो आई आणि तिच्या लेकामधला प्रश्न आहे. मी डक्टबद्दल बोलेन, आणि तू ऐकशील, कारण ती तुझी आहे.

आमचा एसी दुपारी कुरकुर करतो. मेकॅनिक आला, गॅस भरून गेला. पुन्हा आला, पुन्हा भरून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, "ताई, मोठं मशीन घ्या." मी म्हटलं, "चौथ्या मजल्याने घेतलंय ना मोठं. पडला का फरक?" म्हणाला, "त्यांना पडला." त्याला पुढचं बोलायचं नव्हतं. रोज इतक्या घरांची बोलणी खाणारा माणूस आणखी एका भांडणात कशाला पडेल?

तो गेल्यावर मी न्हाणीघराची झडपेची खिडकी उघडली. वर्षानुवर्षं कुणी उघडली नव्हती, अडकून बसली होती, लाटणं मारून उघडली. तोंड भाजलं. शब्दशः. चष्म्याची काडी कानाला चटका देऊ लागली. खाली वाकून पाहिलं तर खोक्यावर खोकं, खोक्यावर खोकं, प्रत्येक जण आपल्या घरातली गरमी वरच्याच्या तोंडावर फेकतोय. तळमजल्यावरची दंतवैद्यबाई आपल्या दवाखान्याची गरमी पहिल्या मजल्यावर ढकलते. पहिला तिच्यात आपली मिसळून दुसऱ्यावर. अशी ती मजले चढत, गोळा होत, तुझ्या त्या सुंदर उतरत्या छपराखाली येऊन कोंडते. आणि तीच हवा घेऊन आमच्या मशीनने स्वतःला थंड करायचं! उकळत्या पाण्यात बुडवून हात गार करायला सांगितल्यासारखं झालं. मशीन धडपडतं, घरघरतं आणि बंद पडतं.

म्हणजे थोडा वेळ. मग पुन्हा लागतं. करार मोडण्याइतकं काही नाही.

पण तुला सांगते, मी आयुष्यभर टेलिफोन ऑफिसच्या गेटसभांत बोलत आले. जगात वरचा माणूस आपलं ओझं खालच्यावर टाकतो, हे शंभर पुस्तकांत वाचलं आणि हजार वेळा ओरडून सांगितलं. हे उलटं प्रकरण मला कुठल्याच पुस्तकात भेटलं नव्हतं. इथे खालचा वरच्याला भाजतो आणि त्याला ते माहीतही नसतं. तो बिचारा आपल्या खोलीत गार बसलेला. त्याच्या घरात दुष्टपणा नाही, नुसतं रिमोटचं बटण आहे. दोष माणसांचा असता तर मी एकेकाच्या दारात जाऊन भांडले असते. दोष आखणीचा आहे. आणि आखणाऱ्याचं दार फार लांब आहे.

वरून मशीन नीट चालत नाही म्हणून प्रत्येक जण आणखी मोठं घेतो. आणखी मोठं म्हणजे आणखी गरम फुंकर. गंमत बघ, आम्ही सगळे मिळून, आपापले पैसे घालून, एक मोठी भट्टी चालवतोय आणि तिच्यावर झाकण म्हणून आईला बसवलंय.

सही पाठव.

ताई

२० मे

धाकट्या,

तुझं दुसरं उत्तरही आईच्याच फोनवर. "आई स्वतः म्हणते खोली मस्त गार आहे. खोटं कोण बोलतंय?"

प्रश्न चांगला आहे. उत्तर देणार नाही.

काल तळमजल्याच्या पार्किंगमध्ये सोसायटीची सभा घेतली. सगळी इमारत जमली, कारण घरात बसण्यापेक्षा पार्किंग बरं होतं. मी बोलले. कागद हातात न घेता बोलले. शहरं कशी विहिरींवर, पाणवठ्यांवर, एका सावलीवर एकत्र आली आणि आपण एकेका खोक्यावर कशी फुटलो, हे सांगितलं. प्रत्येकाने आपलं दार लावून घेतलं, आपली खोली गार केली आणि त्याला घर चालवणं म्हटलं, हे सांगितलं. तू असतास तर मान खाली घालून हसला असतास, लहानपणी माझ्या भाषणांना हसायचास तसा.

टाळ्या पडल्या. मग आपले सेक्रेटरी उभे राहिले. चौथ्या मजल्यावरचे, आमच्या बरोबर खालचे. त्यांना सगळे मागून कलमबहाद्दर म्हणतात. शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं असतात, एक चालणारं आणि एक रुबाबाचं.

"ताई, भावना पोचल्या. पण कलम ते कलम. लेखी संमती."

"अहो, भिंत इमारतीची आहे का माझ्या भावाची?"

"भिंत इमारतीची. दर्शन तुमच्या भावाचं."

मागून दंतवैद्यबाई म्हणाली, "मग त्यांचं दर्शन घडवा एकदा. केव्हापासून मुक्काम तिकडेच आहे."

लोक हसले. कलमबहाद्दर हसले नाहीत. "ज्यांना गरम होतंय त्यांनी लेखी तक्रार द्यावी," ते म्हणाले. "आजवर पाचव्या मजल्यावरून एकही लेखी तक्रार नाही. उलट तुमच्या आई स्वतः मला लिफ्टमध्ये म्हणाल्या, 'आमच्याकडे तर शाल लागते.'"

सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली. मी सभा तिथेच आटोपती घेतली आणि खुर्च्या उचलायला लागले.

आई सभेला आली नव्हती. तिला

(इथली ओळ मी खोडली आहे. फोटो मोठा करून वाचायचा प्रयत्न करू नकोस.)

तिला शब्दकोडं पुरं करायचं होतं.

मी तुला आता विनंती करत नाही, मागणी करते. तू सही का देत नाहीस, याचे माझ्या डोक्यात दोन अर्थ येतात. एक, तुला तुझी कोरी भिंत प्यारी आहे. तो अर्थ मी समजू शकते. मलाही माझी जुनी भाषणं प्यारी आहेत. दुसरा अर्थ असा की घर तापलं तर आई आपोआप तुझ्याकडे येईल, हे तुला कळतं. तो दुसरा खरा असेल, तर तू माझा भाऊ आहेस हे मी काही काळ विसरणार आहे.

ताई

२६ मे

कालच्या रविवारी तुला पडद्यावर आधी आई दिसली, मग छत दिसलं, मग बराच वेळ छतच दिसत राहिलं. तुझा आवाज फोनमधून येत होता, "आई? आई? ताई कुठेय?" ताई तिथेच होती. फोन उचलायला तिला हात मोकळा नव्हता.

आता खरं ऐक.

आमचा एसी एप्रिल संपता संपताच हरला होता. दुपारी तो चालत नाही. लागतो, घरघरतो, बंद पडतो. आई दिवसभर ओला रुमाल मानेवर आणि पाय पाण्याच्या बादलीत घालून बसते. आणि दर रविवारी तुझा फोन यायच्या आधी ती बादली पलंगाखाली सरकवते, तोंड धुते, पावडर लावते, खिडकी बंद करते. पंखाही बंद करते, कारण केस उडताना दिसले तर तू म्हणशील, एसी असताना पंखा कशाला? मग पुस्तकांच्या कपाटासमोर खुर्ची घेऊन, तू पाठवलेली शाल पांघरून, भट्टीत बसून तुला सांगते की थंडी वाजते.

का, ते तुला कळलं असेल. तू करार केला होतास. तीही करारच पाळत होती, तिच्या पद्धतीने.

मला माहीत होतं का? हो. पहिल्या रविवारी मी तिच्यावर ओरडले. ती म्हणाली, "मला इथून जायचं नाही. बोलून झालं." दुसऱ्या रविवारी शाल मीच तिच्या खांद्यांवर नीट केली, एका बाजूने घसरत होती म्हणून. तुला पत्रांतून भट्टी सांगत होते आणि घरात भट्टीवर शाल घालत होते. सही मागायची तर खरं सांगायला हवं, खरं सांगितलं तर आई जाते. या दोन्हींच्या मधल्या फटीत महिनाभर उभी होते मी. याबद्दल तुझी माफी मागणार नाही. आईची मागितली. ती म्हणाली, "गप्प बस, मी सांगितलेलंच केलंस."

एरवी तुमचा फोन थोडक्यात आटोपतो. काल तुझ्या लेकीने पियानो वाजवायला घेतला. नवीन शिकलेला तुकडा, चुकला की पुन्हा पहिल्यापासून. दोनदा चुकली. मी दारातून खुणा केल्या, आटप म्हणून. आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नातीचं वाजवणं अर्ध्यात तोडायचं नाही, एवढं एकच तिच्या डोक्यात. शाल गळ्याशी घट्ट धरून, हसत, मान डोलावत ती ऐकत राहिली. पोरीने शेवटचा सूर दाबला, आईने टाळ्या वाजवायला हात वर केले, आणि गेली खुर्चीतून खाली.

दंतवैद्यबाईच्या दवाखान्यात नेलं. पुन्हा खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून, लिफ्टमधून. इमारतीतली सगळ्यांत गार खोली तीच, कारण तिच्या खाली कुणी नाही. दात काढायच्या त्या लांब खुर्चीवर आईला झोपवलं, ओले टॉवेल ठेवले, डॉक्टर आले, सलाइन लावलं. शुद्धीवर आली तेव्हा डोक्यावर तो मोठा दिवा. म्हणाली, "काढला का?"

दंतवैद्यबाई म्हणाली, "नाही बाई, पण आता पाहिलंच आहे तर सांगते, दोन दाढा किडल्यात."

आई हसली. मी बाहेर जिन्यात जाऊन बसले.

तुझा मेसेज बघितला. "तिकीट काढतोय. करार करार आहे." करारानुसार तू जिंकलास. मी ते मान्य करते आणि मानत नाही. घर गार राहतं का, हे बघायचं ठरलं होतं. घराला संधी कुठे मिळाली? त्याच्या नाकावर तुझी भिंत होती.

ताई

१ जून

धाकट्या,

तू तिकीट पाठवलंस. आईच्या नावाचं, एकाच बाजूचं. तिने ते फोनवर दोन बोटांनी मोठं करून नीट वाचलं आणि म्हणाली, "सामान किती किलो नेता येतं ते लिहिलंय. मी त्यात बसते का बघ." मग फोन बाजूला ठेवला. त्यानंतर जे झालं ते सांगते. वाईट वाटणार असेल तर बसून वाच.

परवा सकाळी मी मेकॅनिकला बोलावलं आणि सांगितलं, आमचं बाहेरचं खोकं डक्टमधून काढ आणि समोरच्या भिंतीवर लाव, बाल्कनीच्या शेजारी. तो म्हणाला, "परवानगी?" मी म्हटलं, "तू शिडी आण." त्याने दोर, अँगल, तांब्याचे पाइप, ड्रिल, सगळं आणलं. खाली माणसं गोळा झाली. ड्रिलचा पहिला आवाज झाला आणि चौथ्या मजल्यावरून कलमबहाद्दर बाल्कनीत. दोन मिनिटांत आमच्या दारात. श्वास लागलेला, दोन्ही पेनं खिशात.

"ताई, हे बेकायदा आहे."

"आहे."

"मी सेक्रेटरी म्हणून थांबवतो."

"थांबवा. मी बोलत राहीन, तो भोक पाडत राहील."

"अहो, कशाच्या आधारावर? पाचव्या मजल्यावरून एक लेखी तक्रार नाही! आपल्या आईच..."

तेव्हा आतून आई आली. त्या रविवारपासून खालच्या गार दवाखान्यातच राहून त्याच सकाळी वर आली होती. भिंतीला धरत आली. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता आणि तो तिने पुसला नाही. मुद्दाम नाही पुसला. मला कळलं, कारण मीही तिचीच आहे.

"पेन आहे ना तुमच्याकडे?" आई म्हणाली. "चालणारं काढा."

त्यांनी काढलं. त्या आवाजाला वर्गात कुणी नाही म्हटलेलं मी पाहिलं नाही.

"लिहा. मला उकडतंय."

"काय?"

"मला उकडतंय. एवढंच. स्वच्छ अक्षरात लिहा. खाली मी सही करते."

कलमबहाद्दरांनी आमच्या दारात उभं राहून, भिंतीला कागद टेकवून लिहिलं, "मला उकडतंय." आईने सही केली, पूर्ण नावाची, शाळेच्या दाखल्यांवर करायची तशी. महिनाभर जे वाक्य गिळून ती शाल पांघरून बसली होती, ते तिने कागदावर ठेवलं आणि मागे सरून खुर्चीत बसली, एखादं जड दप्तर खाली ठेवल्यासारखी.

मग आईला वर सोडायला आलेल्या दंतवैद्यबाईने तो कागद घेतला. "माझ्याकडे उकडत नाही," ती म्हणाली, "पण माझी गरमी वर जाते," आणि तसं लिहून सही केली. मग दुसऱ्या मजल्याने. मग तिसऱ्याने. कागद जिन्यातून खाली गेला आणि सगळ्या घरांच्या सह्या घेऊन वर आला. शेवटची जागा चौथ्या मजल्याची. कलमबहाद्दरांनी कंसात "आक्षेपासह" लिहिलं आणि सही केली. रुबाबाच्या पेनाने.

संध्याकाळपर्यंत खोकं लागलं. धाकट्या, ते भयंकर दिसतं. तुझ्या कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर, एका बाजूला थोडं कललेलं. पाइप कोपऱ्यातून असा वळलाय जसा कुणी घाईत गाठ मारलीय. रस्त्यावरून जाणारी माणसं मान वर करून बघतात. मीही खाली जाऊन बघितलं आणि मला तुझ्यासाठी वाईट वाटलं. खरंच वाटलं. बाबांच्या पाकिटातला तो फोटो आठवला. ते चारचौघांत फोटोवर बोट ठेवून म्हणायचे, "एक डाग दाखवा!" आता दाखवता येईल.

आणि ऐक, एसी चालला. पहिल्या दिवशी आमचा कुणाचा विश्वास बसला नाही. मेकॅनिक स्वतः खुर्ची ओढून त्याखाली बसून राहिला. दुपार झाली, चढली, ऐन भरात आली, आणि ते घरघरलं नाही. खोली काही बर्फाची झाली नाही. या उन्हाळ्यात तेवढं मशीनलाही झेपत नसणार. पण माणूस माणसासारखा बसू शकतो, एवढी झाली. आईने बादली पलंगाखालून काढून झाडांना पाणी घालायला नेली.

काल तुझ्याशी व्हिडिओवर बोलताना तिने पंखा चालू ठेवला, शाल घेतली नाही, केस उडत होते, आणि तू काही बोलायच्या आधीच म्हणाली, "अरे, महिनाभर उकडत होतं मला. खोटं बोलले. आता ऐक. मी येणार नाही. उकडलं तर इथे उकडेन, गार झाले तर इथेच गार होईन. मी करार केला नव्हता, तुम्ही दोघांनी केला होता. मी फक्त चहा मागितला होता." तू पेन्सिलीचं टोक चावायला लागलास. मी दाराआडून बघितलं. लहानपणी चूक कळली की तू असंच करायचास.

म्हणून हे पत्र. तुला वाटत असेल ताईने भिंत जिंकली, आता विजयाचं भाषण ठोकणार. नाही. कारण आज सकाळी कलमबहाद्दर पुन्हा आले. या वेळी आवाज खाली होता. गरमी वर ओढणारं आमचं खोकं डक्टमधून निघाल्यापासून सगळ्यांची गरमी त्यांच्या माथ्यावर येऊन थांबते, आणि त्यांचं ते मोठं मशीन काल बंद पडलं. घरात त्यांच्या सासूबाई आहेत. म्हणाले, "ताई, नियम सोडा. माझं कुठे लावता येईल?"

त्यांच्यानंतर तिसरा मजला येईल. मग दुसरा. प्रत्येक जण आपल्या सोयीने, आपल्या मेकॅनिकच्या अंदाजाने, जिथे भोक पाडता येईल तिथे आपलं खोकं टांगेल. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक खिडकीच्या डोळ्यात. पाइप लोंबतील, पाणी टपकेल. आणि खालच्याने वरच्याच्या नाकाखाली टांगलं, तर डक्टमधलीच भट्टी आम्ही भिंतीवर आणून ठेवू, नुसती उघड्यावर. मला भाषण करता येतं, संप करता येतो, शिडी मागवता येते. कोणाची फुंकर कोणाच्या अंगावर जाणार नाही, हे मला आखता येत नाही. ते या इमारतीत एकालाच येत होतं, आणि त्याने एकदा आमच्याकडे न बघता आखलं. एकदा आमच्याकडे बघून आखायची त्याला संधी आहे.

तुझ्या सहीची गरज आता नाही. सह्या आमच्याकडे पुरेशा आहेत. कुणी थांबणार नाही, मी कुणाला थांबवणारही नाही. एवढंच केलंय : सगळ्यांना सांगितलंय, आठवडाभर ड्रिल खाली ठेवा, माझा भाऊ नकाशा पाठवतोय. मी तुझ्या वतीने शब्द देऊन बसले आहे. रागव.

आणखी एक. आज दुपारी आई पेपर वाचता वाचता डुलकी घ्यायला लागली आणि तिने झोपेतच हात लांब करून तुझी शाल पायांवर ओढली. खरंच. जागी झाली, पायांकडे बघितलं आणि मला म्हणाली, "त्याला सांगू नकोस. विश्वास ठेवणार नाही."

मी सांगितलं. आता तू तुझ्या टेबलाशी जा, आपल्या इमारतीच्या दर्शनी भिंतीचा तो जुना नकाशा काढ, पेन्सिल घे, आणि तुझ्या कोऱ्या भिंतीवर आमच्या सगळ्यांची खोकी काढून दे.

तुझी ताई